बॅटरी बदला म्हणण्याआधी आत काय बिघडलंय ते तरी सांगा

प्रति,
इलेक्ट्रिक स्कूटर बनवणाऱ्या सगळ्या कंपन्या आणि त्यांचे सर्व्हिस विभाग,
तसंच केंद्र सरकारचं ग्राहक व्यवहार खातं

नमस्कार,

मी कराडला बॅटरी रिपेअरिंगचं काम करतो. पूर्वी इन्व्हर्टरच्या आणि ट्रॅक्टरच्या ॲसिडवाल्या बॅटऱ्या असायच्या, आता दुकानात येणारं निम्म्याहून जास्त काम इलेक्ट्रिक स्कूटरच्या लिथियम पॅकचं असतं. पाटण, उंब्रज, कडेगाव, विटा, सगळ्या बाजूंनी गाड्या येतात, बऱ्याचशा छोट्या हत्तीत घालून, कारण बंद पडलेली स्कूटर ढकलत आणायची म्हणजे शंभर किलोच्या वर वजन आणि काही मॉडेलचं चाकही लॉक झालेलं असतं. येणाऱ्या माणसाकडे एक कागद असतो नाहीतर व्हॉट्सॲपवर आलेलं कोटेशन असतं. त्यावर सर्व्हिस सेंटरने लिहिलेलं असतं बॅटरी पॅक रिप्लेसमेंट, आणि पुढे पन्नास हजार, साठ हजार, कधी ऐंशी हजार. का बदलायचा, आत काय गेलंय, याबद्दल एक ओळ नसते.

माझं म्हणणं एवढंच आहे की पॅकमध्ये नक्की काय बिघडलंय ते बघायची सोय गाडीच्या मालकाला आणि त्याच्या गावातल्या मेकॅनिकला द्या. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

एक केस सांगतो. पाटण तालुक्यातले एक प्राथमिक शिक्षक, रोज घाट चढून शाळेला जाणारे, गाडी वॉरंटी संपल्यावर पावसाळ्यात बंद पडली. स्क्रीनवर फक्त सर्व्हिसला संपर्क करा. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी लॅपटॉप लावला, कोड बघितला, पॅक गेलाय म्हणाले, साठ हजारांच्या वरचं कोटेशन दिलं. गुरुजी पॅक घेऊन माझ्याकडे आले. एलएफपी पॅक होता, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटच्या सेलचा, सोळा ग्रुप (सेलचे गट) सिरीजमध्ये, एकापुढे एक जोडलेले. आउटपुटला मीटर लावला तर शून्य, म्हणजे बीएमएसने, पॅकवर लक्ष ठेवणाऱ्या आतल्या बोर्डने, सप्लाय तोडलेला. झाकण काढून आत सेलच्या दोन टोकांना लावला तर ५२.६ व्होल्ट. म्हणजे पॅक काही मेलेला नव्हता. मग एकेक ग्रुप थेट सेलवर मोजला, सोळाच्या सोळा ३.२८ ते ३.२९, इतके सारखे की नव्या पॅकला पण शोभतील. मग बीएमएसला जाणारं सेन्स वायरचं, म्हणजे प्रत्येक ग्रुपचं व्होल्टेज त्याला कळवणाऱ्या वायरींचं, कनेक्टर काढून त्याच्या पिनांवर तेच मोजलं. सातव्या वायरवर आकडा स्थिरच होईना, सहावी ते आठवी मोजलं तर ६.५८, म्हणजे दोन ग्रुपची बेरीज अगदी बरोबर आणि मधली वायर तेवढी गायब. भिंगातून बघितलं तर पिनेवर हिरवी पूड साचलेली, चिमट्याने जरा हलवली तर वायर पिनेतून सुटून हातात आली. केबल जिथून आत जाते तिथलं रबर एका बाजूने बसलेलंच नव्हतं, त्यात गाडी वॉशिंग सेंटरला प्रेशरने धुतलेली, पाणी थेट तिथून गेलं. नवी पीन क्रिम्प केली, बाकीच्या पिना साफ केल्या, रबर बदललं, पॅक फुल चार्ज करून लोडवर खाली केला, सगळे ग्रुप शेवटपर्यंत बरोबर उतरले. मजुरी धरून खर्च दोन हजारांच्या आत.

आता तुम्ही इंजिनिअर लोक आहात, तुम्हाला माहितीच आहे की अशी एक सेन्स वायर सुटली की बीएमएसला काय दिसतं. शेजारच्या दोन ग्रुपपैकी एक खूप कमी आणि दुसरा खूप जास्त दिसतो, पण दोघांची बेरीज जागेवर असते. बाकी चौदा ग्रुप ठणठणीत. हे असं चित्र दिसलं की शिकाऊ पोरगा पण सांगेल की सेल बरा आहे, वायर बघा. हे चित्र गाडीच्या आत होतं, बीएमएसला दिसत होतं, तुमच्या लॅपटॉपलाही दिसलं असणार. फक्त ज्याच्या खिशातून साठ हजार जाणार होते त्याला ते दिसत नव्हतं. अहो त्याची गाडी आहे, त्याचे पैसे आहेत, त्याच्या बॅटरीच्या सोळा ग्रुपचे सोळा आकडे त्याच्या मोबाईलवर दाखवायला काय हरकत आहे? तुमच्या ॲपमध्ये आज किती किलोमीटर चालवली, किती पेट्रोल वाचलं, हे सगळं येतं, मग ग्रुप व्होल्टेज का येत नाही.

सर्व्हिस सेंटरच्या पोरांवर माझा राग नाही. त्यातली बरीच आयटीआय केलेली हुशार पोरं आहेत, त्यांना कळतं, पण त्यांना पॅकचा स्क्रू सोडायची परवानगी नसते, वरून आदेश असतो की कोड आला की पॅक बदल. तो आदेश तुमचा आहे म्हणून पत्र तुम्हाला.

आणि बऱ्याच वेळा बिघाड पॅकमध्ये नसतोच. काही गाड्यांना दिवे-डिस्प्लेसाठी वेगळी छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते, ती बसली की मेन पॅक चालूच होत नाही, स्क्रीन काळी, आणि माणूस समजतो लाखाची गाडी गेली. कधी सीटखालची एमसीबी पडलेली असते. चार्जरच्या सॉकेटमधली पीन जळून काळी झालेली असते, कारण घरातला बोर्ड ढिला आणि त्यातच रात्रभर चार्जिंग. बॅटरी डिटेक्ट होत नाही असा एरर आला तर मी आधी गाडी पूर्ण बंद करून कॅनच्या, म्हणजे बॅटरी आणि गाडीतले बाकीचे बोर्ड ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या, दोन वायरींमध्ये रेझिस्टन्स मोजतो, साधारण साठ ओहम आला पाहिजे, कारण दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात, आणि तिथे सरळ १२० आला तर एक टोक कुठेतरी सुटलंय हे कळतं. पाच मिनिटांचं काम. पण कुठल्या कनेक्टरच्या कुठल्या पिनेवर कॅन आहे हेच तुम्ही सांगत नाही, मग प्रत्येक मॉडेलला आम्ही वायरचे रंग आणि पिना चाचपत बसायचं, त्यात कुणी चुकून भलत्याच पिनेवर प्रोब टेकवला तर चांगला बोर्ड जायचा.

बॅलन्सचा प्रकार तर सगळ्यात जास्त येतो. रेंज हळूहळू कमी होत जाते, मग एक दिवस तीस टक्के दाखवत असताना गाडी उतरावर सुद्धा बंद पडते. एक ग्रुप मागे पडलेला असतो, तो आधी खाली जातो आणि बीएमएस त्याच्यासाठी सगळा पॅक बंद करतो, जे बरोबरच आहे, त्याचं कामच ते आहे. एलएफपीमध्ये हे शोधायला नुसता मीटर पुरत नाही कारण तो सेल भरलेला असो की अर्धा, व्होल्टेज ३.२ ते ३.३ च्याच आसपास रेंगाळतो. लोड टाकून बघावं लागतं, लोडवर बाकीचे ३.१५ ला उभे आणि एकटा २.६ ला घसरला की सापडला चोर. मग प्रश्न असा की त्या ग्रुपची ताकद गेलीय की तो नुसता कमी भरलाय. नुसता कमी भरला असेल तर त्या एका ग्रुपला बाहेरून पॉवर सप्लाय लावून बाकीच्यांच्या बरोबरीला आणायचं, झालं काम. बीएमएस हे स्वतः करू शकतो पण त्याचं बॅलन्सिंग बारीक असतं, पन्नास मिलिॲम्प धरा, त्याने दोन ॲम्पिअर-अवरचा फरक भरून काढायला चाळीस तास लागतील, आणि तेही तो बहुतेक वेळा चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात चालू होतो. त्यात व्हॉट्सॲपवर फिरणारा सल्ला की कधीच ८० टक्क्यांच्या वर चार्ज करू नका. एनएमसी, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या सेलला तो सल्ला ठीक आहे, आयुष्य वाढतं, पण एलएफपीवाला माणूस कधीच फुल चार्ज करत नसेल तर त्याचा पॅक बॅलन्स व्हायला संधीच मिळत नाही आणि टक्केवारीचा हिशोबही चुकत जातो. तुमच्या गाडीत कुठली केमिस्ट्री आहे हे गिऱ्हाईकाला ठळक अक्षरात सांगा, कितीतरी लोकांना चार वर्षं गाडी चालवून पण हे माहीत नसतं.

तुमच्याकडून नेहमी येणारं उत्तर मला माहितीय. सेफ्टी. लिथियम आहे, आग लागते, बाहेरच्याने उघडली तर जबाबदार कोण. हे उत्तर मी उडवून लावणार नाही, कारण सेफ्टीची भीती मला तुमच्याइतकीच आहे, ते पॅक माझ्या टेबलावर असतात आणि दुकानाच्या वर माझं घर आहे. २०२२ साल कुणी विसरलेलं नाही. मार्चमध्ये वेल्लोरला चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या आगीत धुराने बाप-लेक गेले. त्याच आठवड्यात पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी स्कूटर पेटली, तो व्हिडिओ सगळ्या महाराष्ट्राने बघितला. एप्रिलमध्ये नाशिकला कंटेनरमध्ये भरलेल्या नव्या स्कूटर जळाल्या. सप्टेंबरमध्ये वसईला घरात चार्जिंगला लावलेली बॅटरी फुटून सात वर्षांचा मुलगा गेला. त्यानंतर सरकारने एआयएस-१५६, म्हणजे या बॅटऱ्यांच्या सेफ्टीचं स्टँडर्ड, कडक केलं, १ डिसेंबर २०२२ पासून पहिला टप्पा आणि ३१ मार्च २०२३ पासून दुसरा, पाण्याची टेस्ट आली, आत दाब वाढला तर वाट मिळावी म्हणून व्हेंट आला, गरम झालं तर आवाज आणि दिव्याने इशारा आला. चांगलं झालं. पण नाशिकच्या त्या गाड्या कारखान्यातून नुकत्याच निघालेल्या होत्या, त्यांना कुठल्या गल्लीतल्या मेकॅनिकचा हात लागला नव्हता. पॅक सीलबंद असणं म्हणजे पॅक सुरक्षित असणं असा अर्थ होत नाही.

आणि तुम्ही दार बंद केल्यामुळे रिपेअरिंग थांबलेलं नाही, हे तर लक्षात घ्या. साठ हजार नसलेला माणूस गाडी भंगारात घालत नाही, तो स्वस्तातला माणूस शोधतो. तो स्वस्तातला माणूस काय करतो ते मी बघितलंय, कारण बिघडलं की ते पॅक शेवटी माझ्याकडेच येतात. बीएमएस बायपास केलेला, म्हणजे प्लस-मायनस थेट बाहेर काढलेले, ना ओव्हरचार्जला अडवणारं काही ना शॉर्टसर्किटला. जुन्या लॅपटॉपचे सेल चांगल्या सेलच्या ग्रुपमध्ये घुसवलेले. निकेलच्या पट्टीऐवजी निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी, जी लोडवर तापते. सेलच्या टोकावर थेट सोल्डरिंग, इतका वेळ गन टेकवलेली की वरचं प्लास्टिक आकसलेलं, मग आतल्या सेपरेटरचं, प्लस-मायनस वेगळे ठेवणाऱ्या पातळ पडद्याचं, काय झालं असेल. कनेक्टर शोधायला वेळ नको म्हणून टेप गुंडाळून बसवलेले जोड. अशी गाडी कुणाच्या तरी जिन्याखाली रात्री चार्जिंगला लागते. ज्याला नीट काम करायचंय त्याला तुम्ही पिनआउट, म्हणजे कुठल्या पिनेवर काय आहे तो तक्ता, देत नाही, सेलचा डेटा देत नाही, बीएमएस सुटा विकत नाही, आणि ज्याला कशाचीच पडलेली नाही त्याला यातलं काही लागतच नाही. म्हणजे तुमच्या बंदीचा त्रास नेमका कुणाला होतोय बघा.

रिपेअर करू नये असे पॅक असतात आणि ते मी परत पाठवतो, हेही इथे लिहितो म्हणजे तुम्हाला कळेल की आम्हाला सगळंच उघडायची हौस नाही. पुरात किंवा खाऱ्या पाण्यात बुडालेला पॅक, नाही. सेल फुगलेला, इलेक्ट्रोलाइटचा तो गोडसर वास येतोय, कुठे चिरलंय, ठेचलंय, नाही. उभा ठेवला असताना एखादा भाग गरम लागतोय, तो तर दुकानात पण नको, आधी उघड्यावर. आणि महिनोन्‌महिने बंद पडून राहिलेली गाडी, जिचे सेल दोन व्होल्टच्या खाली जाऊन तसेच पडलेत, ती दुसऱ्या बॅटरीचा झटका देऊन उठवायची नाही. इतक्या खाली सेलमधली तांब्याची पातळ पट्टी विरघळायला लागते आणि परत चार्ज करताना तेच तांबं आत नको तिथे साचतं, आज चार्ज झाला म्हणून गिऱ्हाईक खूश, आणि नंतर केव्हा तरी आतून शॉर्ट. झटका मारून उठवली म्हणून रील टाकणारे आहेत, त्यांनी कृपा करून थांबावं. ज्या ग्रुपची ताकद खरंच गेलीय तिथे एखादा सेल काढून नवा घालणं पण चुकीचं, अख्खा ग्रुप त्याच केमिस्ट्रीच्या, जुळत्या कपॅसिटीच्या आणि जुळत्या इंटर्नल रेझिस्टन्सच्या सेलचा पाहिजे, आणि बाकी ग्रुप म्हातारे झाले असतील तर सरळ सांगायचं की यात पैसे घालू नका. हे सगळं ठरवायला मोजमाप लागतं, आणि मोजमापाला डेटा लागतो, आणि पॅकने आत्तापर्यंत काय काय भोगलंय, चार्ज-डिस्चार्जच्या किती सायकल झाल्या, किती तापला, कितीदा खाली गेला, हा डेटा बीएमएसमध्ये साठवलेला असतो. तो वाचू दिला तर वाईट पॅक आम्ही जास्त लवकर ओळखू आणि जास्त पॅकना नाही म्हणू. सेफ्टीसाठीच म्हणताय तर यापेक्षा मोठी सेफ्टी कुठली?

आता लॉकबद्दल. काही मॉडेलमध्ये बीएमएसचा नंबर गाडीच्या कंट्रोलरशी जोडलेला असतो, बोर्ड बदलला की गाडी त्याला ओळखत नाही, तुमच्या सर्व्हरवरून परवानगी आली तरच चालू होते. चोरीची बॅटरी चालू नये म्हणून हे केलं असेल तर मला मान्य आहे. पण मालक आरसी आणि आधार घेऊन समोर उभा आहे, गाडी त्याच्या नावावर आहे, तेव्हा तरी ते लॉक काढून द्यायची पद्धत पाहिजे, वाजवी फी घ्या, पण पद्धत पाहिजे. आणि काही कंपन्या तर दुकान बंद करून गेल्या, शोरूमच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. त्यांच्या गाड्या घेतलेल्या लोकांनी परवानगी कुणाकडे मागायची?

या बॅटऱ्यांमध्ये सरकारचा, म्हणजे आपल्या सगळ्यांचा पैसा आहे हेही विसरू नका. फेम-२ या केंद्राच्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या सबसिडी योजनेत जून २०२१ पासून एका किलोवॅट-अवरला पंधरा हजार रुपये सबसिडी होती, तीन किलोवॅट-अवरच्या बॅटरीला पंचेचाळीस हजारांपर्यंत, पुढे जून २०२३ मध्ये ती दहा हजारांवर आली. जनतेच्या पैशातून घेतलेल्या वस्तूत दोन रुपयांची पीन गंजली म्हणून ती अख्खी बदलायची, हे पटण्यासारखं आहे का? त्यात टॅक्सची गंमत नाही, अन्याय आहे. नवी गाडी बॅटरीसकट घेतली तर जीएसटी ५ टक्के, तीच बॅटरी नंतर सुटी घ्यायची वेळ आली तर १८ टक्के. म्हणजे जुनी गाडी जपून चालवणाऱ्यावर जास्त टॅक्स.

पॅकच्या आत काही ठिकाणी पॉटिंग असतं, सगळे सेल गोंदात बुडवलेले. आपले रस्ते बघता कंपन सोसायला आणि उष्णता पसरवायला ते लागतं, हे मी समजू शकतो, त्याला माझा विरोध नाही. पण निदान बीएमएसचा बोर्ड, सेन्स वायरचं कनेक्टर, मेन फ्यूज आणि टेंपरेचर सेन्सरची जोडणी हे सगळं वेगळ्या कप्प्यात ठेवा, चार स्क्रू आणि एक गॅस्केट, सेलला हात न लावता तिथपर्यंत पोचता आलं पाहिजे. माझ्याकडे येणाऱ्या कामातलं कितीतरी काम त्याच कप्प्यातलं असतं. तुमच्या डिझाईनच्या माणसांनी एकदा एखादा गोंदात बुडवलेला पॅक हातोडी-छिन्नीने फोडताना बघावं, दहा हजाराच्या सेलचा चुरा होतो तो फक्त पन्नास रुपयांच्या सेन्सरपर्यंत जायला.

युरोपात हे कायद्यात आलंय. तिथला २०२३ चा बॅटरी कायदा आहे, १८ फेब्रुवारी २०२७ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या हलक्या वाहनांच्या बॅटऱ्यांना लागू, इलेक्ट्रिक सायकली पण त्यात आल्या आणि स्कूटर पण. पॅक आणि त्यातले सुटे सेलसुद्धा स्वतंत्र मेकॅनिकला काढून बदलता आले पाहिजेत, आणि सॉफ्टवेअर लावून त्यात अडथळा आणायचा नाही. आपल्या ज्या कंपन्यांना युरोपात गाड्या विकायच्यात त्यांना तिथल्या गिऱ्हाईकासाठी उघडता येणारा पॅक बनवावाच लागणार आहे. मग तोच पॅक साताऱ्याच्या गिऱ्हाईकाला का नाही? आपल्याकडे पेट्रोलच्या बीएस-६ गाड्यांना ओबीडीचा सॉकेट आहे, आमच्या गल्लीतला मेकॅनिक त्यात स्कॅनर लावून कोड वाचतो. तेवढंच इलेक्ट्रिकला द्या.

ग्राहक व्यवहार खात्याला दोन शब्द. जुलै २०२२ मध्ये तुम्ही राइट टू रिपेअरसाठी समिती नेमली, त्यात शेतीची यंत्रं, मोबाईल-टॅब्लेट, घरातली उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं घेतली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं. तेव्हा खूप बरं वाटलं होतं. पण कंपनीचा टोल फ्री नंबर आणि वॉरंटीच्या अटी पोर्टलवर असणं म्हणजे रिपेअरचा अधिकार नाही. बॅटरी पॅकचा पिनआउट, एरर कोडचा अर्थ, सुट्या पार्टची किंमत, हे तिथे टाकायला लावा. रिपेअरेबिलिटी इंडेक्सचं, म्हणजे वस्तू रिपेअर करायला किती सोपी आहे ते सांगणाऱ्या मापाचं, काम तुम्ही मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक्सपासून सुरू केलंत, त्याच रांगेत स्कूटरची बॅटरी आणा, कारण गरीब माणसाच्या घरातली सगळ्यात महाग इलेक्ट्रॉनिक वस्तू आता तीच आहे. आणि एक नियम आजच्या आज करण्यासारखा आहे: पॅक बदला असं लिहून देणाऱ्या प्रत्येक सर्व्हिस सेंटरने जॉब कार्डवर प्रत्येक ग्रुपचं व्होल्टेज आणि एरर कोड छापून द्यायचा, आणि जुना पॅक परत घेताना त्याची किंमत लिहायची. गाडीच्या इंजिनचं काम करताना जुना पार्ट गिऱ्हाईकाला दाखवतात की नाही, तसं. आत्ता तर जुना पॅक घेतात आणि पुढे त्याचं काय होतं ते मालकाला कळतच नाही. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी वेस्टच्या नियमांत रिफर्बिशरला, म्हणजे जुन्या बॅटऱ्या दुरुस्त करून परत वापरात आणणाऱ्याला, रीतसर जागा दिलीय, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करून काम करता येतं. एका नियमात आम्हाला जागा द्यायची आणि काम करायला लागणारा कागद मात्र कंपनीने दाबून ठेवायचा, याची सांगड तुम्हीच घालून द्या.

कंपन्यांना परत सांगतो, आम्हाला फुकट काही नकोय. ट्रेनिंग ठेवा, फी घ्या, परीक्षा घ्या, नापास झाला त्याला सर्टिफिकेट देऊ नका. आयटीआयला आता मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकलचा ट्रेड आहे, तिथून पास झालेली पोरं कामासाठी पुण्याला खोली करून राहतात, त्यांना गावातच दुकान टाकता येईल. केलेल्या कामाची जबाबदारी आम्ही घेऊ. मी आत्तापण प्रत्येक पॅकबरोबर लेखी कागद देतो, काय सापडलं, काय बदललं, सेल कुठल्या कंपनीचे, लोड टेस्टला किती ॲम्पिअर-अवर भरली, आणि पॅक नव्यासारखा झालेला नाही हेही त्यात लिहिलेलं असतं. तुम्ही फॉरमॅट ठरवून दिलात तर तुमच्या फॉरमॅटमध्ये देईन. वॉरंटीतल्या गाडीला आम्ही हात लावत नाही आणि लावणारही नाही, आता तर आठ-आठ वर्षांची वॉरंटी देणाऱ्या कंपन्या आहेत, चांगलंच आहे, पण जुन्या तीन वर्षांच्या वॉरंटीवाल्या हजारो गाड्या रस्त्यावर आहेत आणि त्यांचे मालक आत्ता अडकलेत. वॉरंटी जिवंत असताना पावसाचं पाणी गेलं म्हणून क्लेम नाकारला गेलेली माणसंही आमच्याकडे येतात, तो नकार कुठल्या तपासणीवर दिला ते पण त्यांना लेखी मिळत नाही.

गाडीवाल्यांनी हे पत्र वाचलं तर त्यांच्यासाठी एवढंच: सर्व्हिस सेंटरला गेलात की ग्रुप व्होल्टेजचा स्क्रीनशॉट मागा, आवाज न चढवता पण चिकाटीने मागा. चार्जर ओरिजिनलच वापरा, कारण एनएमसीचा सेल ४.२ ला भरतो आणि एलएफपीचा ३.६५ ला, दिसायला सारखा चार्जर भलत्या पॅकला लावला तर सगळा भार एका बीएमएसवर येतो. झोपायच्या खोलीत आणि जिन्याच्या तोंडाशी चार्जिंग नको. गाडी धुताना प्रेशरचा पाईप सीटखाली आणि चार्जिंग सॉकेटवर मारू देऊ नका. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर निम्मी चार्ज करून ठेवा आणि अधूनमधून बघत जा. आणि कुणी बीएमएस काढून टाकतो, गाडी जास्त पळेल असं म्हणाला तर तिथून गाडी उचला.

पॅकची रचना बदलायला, सॉफ्टवेअर उघडायला, पार्टचा साठा करायला तुम्हाला वेळ लागणार हे मला मान्य आहे. पण तुमच्या प्रत्येक मॉडेलच्या एरर कोडची यादी आणि त्याचा अर्थ तुमच्याकडे आज तयार आहे, सर्व्हिस सेंटरच्या लॅपटॉपमध्ये ती आहे. ती चार पानं वेबसाईटवर टाकायला नवं डिझाईन लागत नाही की सरकारची मंजुरी लागत नाही. ती आधी टाका, पिनआउट त्याच्या मागोमाग. आणि तुमच्या सर्व्हिस विभागातलं कुणी खरंच यायला तयार असेल तर तुम्ही बाद ठरवलेला कुठलाही एक पॅक घेऊन कराडला या, तुमच्या माणसासमोर उघडतो, ग्रुप मोजतो, आणि तो खरंच बाद निघाला तर तसं लिहून देतो.

आपला,
कराडचा एक बॅटरी मेकॅनिक